पायांचं भारनियमन

पुण्या-मुंबईहून जानेवारीत लडाखला जाणाऱ्या, गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायला म्हणजे ‘चादर’ ट्रेकला निघालेल्या मंडळींच्या खरेदीच्या याद्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. जॅकेट, थर्मल, माकडटोपी, हातमोजे या सगळ्यांवर बरोबरची खूण झालेली असते. शेवटची एक ओळ मात्र तशीच उरते आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह असतं: ‘बॅटरीचे मोजे?’ काही हजार रुपयांचा मामला. घ्यावेत की नाही, कोणालाच खात्री नसते.

या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो जास्त मजेदार आहे. अंगावर चार थर चढवले, चढावर पाठ घामाने भिजली, तरी पायाची बोटं गारच कशी राहतात? आधी त्याचं उत्तर शोधू. मोज्यांचं उत्तर त्यातूनच निघेल.

१. हातपाय गार पडतात म्हणजे काय होतं?

अपरात्री फोन वाजला, की आपण म्हणतो, “माझे तर हातपायच गार पडले.” हा नुसता वाक्प्रचार नाही. ते शब्दशः खरं असतं. भीती वाटली की शरीर त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि थंडी वाजली तरी हेच करतं. मज्जासंस्थेचा विभाग तोच आणि त्याने दाबलेलं बटणही तेच.

२००५ च्या पुढची काही वर्षं महाराष्ट्रात ज्यांनी काढली, त्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको. वीज कमी पडली की आधी गावं अंधारात जायची. इस्पितळाच्या लाइनला हात लावला जात नसे. शरीरातही हृदय, मेंदू, यकृत ही इस्पितळाची लाइन आहे. तिथलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहिलंच पाहिजे. पाय म्हणजे लांबच्या फीडरवरचं शेवटचं गाव. उष्णता पुरेनाशी होण्याची नुसती शंका आली, तरी पहिलं भारनियमन तिथे सुरू होतं.

आणि ही कपात केवढी असते, तेही पाहू. तळपाय, बोटं, कान, नाकाचा शेंडा या जागी त्वचेत रक्ताच्या खास जोडवाटा असतात. त्या उघड्या असल्या की रक्त धो धो वाहतं. मिटल्या की नुसतं पाझरतं. गणितापुरतं समजा, एका पावलात मिनिटाला ३० मिलिलिटर रक्त येतंय. येताना ते ३५ अंशांचं आहे आणि परत जाताना २५ अंशांचं. प्रत्येक मिलिलिटरने साधारण १० कॅलरी पावलाला दिल्या. मिनिटाला ३०० कॅलरी, म्हणजे सुमारे २१ वॉट. आता वाहिन्या आवळल्या आणि रक्त दहाव्या हिश्श्यावर आलं. पावलाच्या वाट्याला उरले दोन वॉट. (या कॅलरी भौतिकशास्त्रातल्या छोट्या कॅलरी आहेत. वजन कमी करणारे मोजतात त्या यांच्या हजारपट असतात.)

यातून एक गोष्ट लक्षात येते. पायाची खरी भट्टी पायात नाहीच. ती छातीत आणि पोटात आहे. पाय गार पडले की आपण मोजे चढवतो, पण पुष्कळदा अंगात आणखी एक बंडी चढवण्याचा गुण अधिक येतो. धडाला पुरेशी ऊब आहे असं मेंदूला पटलं, की तो पायांचं भारनियमन आपणहून उठवतो. कडाक्याच्या थंडीत काम करणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असतं: पाय गार पडले तर टोपी घाल आणि काहीतरी खा.

२. पातेल्यातला भात आणि ताटातला भात

भारनियमन नाकाचं, कानाचं आणि हाताचंही होतं. मग सगळ्यात आधी तक्रार पायाच्या बोटांचीच का?

पातेल्यात झाकलेला भात तासभर गरम राहतो. तोच ताटात पसरला की पाच मिनिटांत निवतो. भात तेवढाच असतो, वाढलेला असतो तो त्याचा उघडा पृष्ठभाग. गोल खांबासारख्या वस्तूचा पृष्ठभाग तिच्या आकारमानाच्या तुलनेत किती, हे तिच्या जाडीवर ठरतं. जाडी निम्मी झाली की हे प्रमाण दुप्पट होतं. मांडीचा व्यास १६ सेंटिमीटर धरला आणि पायाच्या बोटाचा २, तर तेवढ्याच मांसामागे बोटाला मांडीच्या आठपट उघडी बाजू मिळते. आपल्या करंगळ्या या भाताच्या ताटाच्या कडेला सांडलेल्या शितांसारख्या आहेत.

त्यात बोटांच्या घरी चूल नाही. स्नायू काम करतात तेव्हा उष्णता निर्माण होते, पण पायाची बोटं हलवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, पोटरीत असतात. तिथून लांबलचक दोऱ्या खाली येतात आणि बोटं ओढतात, कळसूत्री बाहुल्यांसारखी. बोटं हलवली की ऊब तयार होते ती पोटरीत. बोटांपर्यंत पोहोचायला तिला पुन्हा रक्ताच्याच गाडीत बसावं लागतं.

आणि ती गाडीसुद्धा वाटेत लुटली जाते. पायाकडे गरम रक्त नेणाऱ्या वाहिन्या आणि गार रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या एकमेकींना खेटून असतात. खाली जाणारा माणूस हातातली गरम भाकरी वर येणाऱ्याला देत देत चालला आहे असं समजा. घोट्यापाशी पोहोचेपर्यंत त्याच्याकडे फारसं काही उरत नाही. शरीराच्या दृष्टीने ही हुशारी आहे, कारण परतीचं रक्त धडात गार पोहोचत नाही. बोटांच्या दृष्टीने मात्र हा उघड अन्याय.

पावलाच्या त्वचेचं सुखाचं तापमान ३० ते ३२ अंश. २५ च्या खाली गार वाटू लागतं, १५ च्या आसपास दुखू लागतं आणि त्याखाली, १० च्या सुमाराला, दुखणं थांबतं. पुष्कळांना वाटतं, चला, सवय झाली. सवय वगैरे काही झालेली नसते. बातमी देणाऱ्या नसाच बधिर झालेल्या असतात. त्वचा शून्याच्या थोडं खाली गोठू लागते तेव्हा पेशींमध्ये बर्फाचे स्फटिक बनतात. हाच हिमदंश. ३ जून १९५० ला अन्नपूर्णेच्या शिखरावर पोहोचलेले मॉरिस हर्झॉग आणि लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच गिर्यारोहक परतले तेव्हा दोघांच्याही पायांची सगळी बोटं गेली होती.

३. ऊब पळते कुठून?

उणे १५ अंशांत चांगला जाड बूट घातला, तरी एका पावलातून ढोबळमानाने दहा-पंधरा वॉट बाहेर जात राहतात. काही वरून वाऱ्याबरोबर, काही तळव्याखालून बर्फात. तळवा ही विशेष अडचणीची जागा आहे, कारण तिथे आपलं सगळं वजन मोज्यावर पडतं. मोज्याची ऊब लोकरीच्या धाग्यात कमी आणि धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेत जास्त असते. मोजा दाबला की हवा गेली आणि ऊबही गेली. गोधडी उन्हात घालून झटकली की ती पुन्हा उबदार लागते, त्यामागेही हीच हवा आहे.

सह्याद्रीत तयार झालेला आपला ट्रेकर इथे हमखास फसतो. त्याला बूट पायाला घट्ट बसणारा हवा असतो. कातळटप्प्यावर, घसाऱ्यावर ते बरोबरही आहे. तोच बूट तो लेहला नेतो, आत दोन जाड मोजे कोंबतो आणि नाड्या करकचून बांधतो. दोन मोज्यांमधली हवा चेपली जाते, वरून रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. भारनियमन आधीच चालू असताना याने घरातला मेन स्विचही बंद केला! असा माणूस तिसरा मोजा चढवतो तेव्हा त्याचे पाय आणखी गार पडतात आणि दोष थंडीला मिळतो. एक जाड मोजा घालून बोटं बुटात मोकळी नाचवता आली, तर ते दोन मोज्यांहून बरं.

हवा उष्णता फार मंद गतीने वाहून नेते. पाणी तिच्या जवळजवळ पंचवीसपट. म्हणून ओला मोजा हा मोजाच उरत नाही. सुती मोजा तर घाम पिऊन गच्च होतो, त्वचेला चिकटतो आणि वाळायचं नाव घेत नाही. लोकर ओलावा धाग्याच्या आत घेते, पण तिच्या कुरळेपणामुळे मधली हवा टिकून राहते. धनगरी घोंगडी अंगावर घेऊन ज्याने पावसात मेंढरं राखली आहेत, त्याला हे कुठल्या पुस्तकात वाचावं लागत नाही.

ओल्या पायांना इजा व्हायला तर गोठणारी थंडीही लागत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ च्या हिवाळ्यात, फ्रान्स आणि बेल्जियममधल्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय सुजले, काळे-निळे पडले, काहींचे कापावे लागले. तापमान बऱ्याचदा शून्याच्या वरच होतं. चिखलपाण्यात दिवसेंदिवस उभं राहणं आणि घट्ट बांधलेले बूट एवढं पुरेसं ठरलं. त्यावरचा उपाय अगदीच साधा निघाला: पाय रोज तपासणं, कोरडे करणं, मोजे बदलणं.

४. मोज्याच्या आत काय असतं?

आता बॅटरीच्या मोज्याकडे येऊ. रचना इस्त्रीचीच आहे, फक्त फार दुबळी. बोटांच्या वरून किंवा खालून धातूच्या बारीक तारांची किंवा कार्बनच्या धाग्यांची एक पट्टी शिवलेली असते. वीज त्यातून जाताना अडखळते आणि अडखळली की उष्णता निघते. तारा मोज्यातून वर पोटरीपर्यंत जातात. तिथे एका छोट्या खिशात काडेपेटीहून थोडी मोठी लिथियम बॅटरी असते. बटण दाबलं की कमी, मध्यम, जास्त असे टप्पे. बस, एवढंच.

कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं पंचवीस हजार फुटांवरून उडत. बंदूकधाऱ्यांच्या खिडक्या उघड्या असत आणि बाहेर उणे चाळीस अंश. शत्रूच्या गोळ्यांइतकाच हिमदंशही लोकांना जायबंदी करू लागला, तेव्हा विमानाच्या विजेवर गरम होणारे सूट, हातमोजे आणि पायातले जोडे आले. सुरुवातीच्या सूटमध्ये एक घोळ होता. सगळ्या भागांची जोडणी एकामागोमाग एक अशी होती, जुन्या दिवाळीच्या माळेसारखी. माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझते, तसं जोड्यातली एक तार तुटली की सगळा सूट गार. पुढच्या सूटमध्ये जोडणी बदलली. आजच्या मोज्यांना डाव्या आणि उजव्या पायाची स्वतंत्र बॅटरी असते. एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते. अर्थात एक पाय गरम आणि एक गार घेऊन चालण्यात फारसं सुख नाही, हे मान्य.

५. इन्व्हर्टरवर काय काय चालतं?

भारनियमनाने आपल्याला इन्व्हर्टर दिला आणि इन्व्हर्टरने एक शहाणपण दिलं. त्यावर दोन दिवे आणि एक पंखा चालतो. गिझर लावायचा नसतो. गरम मोज्यांबद्दलचे बहुतेक अपेक्षाभंग हा गिझर लावण्याचा प्रकार असतो.

बॅटरीवरचे आकडे वाचूनच हिशेब करता येतो. समजा तिच्यावर ७.४ व्होल्ट आणि २२०० मिलिअँपिअर-अवर असं लिहिलं आहे. २२०० मिलिअँपिअर-अवर म्हणजे २.२ अँपिअर-अवर. दोन्हींचा गुणाकार करा: ७.४ गुणिले २.२, म्हणजे १६ च्या थोडं वर. ही झाली १६ वॉट-अवर ऊर्जा. सोळा वॉटने एक तास, आठ वॉटने दोन तास, चार वॉटने चार तास. मोजा ‘जास्त’वर पाच वॉट खात असेल तर तीन तासांत खेळ खलास. ‘कमी’वर दोन वॉट खात असेल तर आठ तास. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘आठ तास’ लिहिलेलं असतं ते या ‘कमी’चं आणि चित्रात बोटांभोवती लालभडक ज्वाळा दाखवलेल्या असतात त्या ‘जास्त’च्या. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

पाच वॉट म्हणजे किती? आपल्याकडे देवघरात आणि जिन्यात जो जुना ‘झिरोचा बल्ब’ असायचा, तो नावाला झिरो, पण बारा-पंधरा वॉट खायचा. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे हा मोजा. वर पाहिलंच की पावलातून दहा-पंधरा वॉट जातात आणि भारनियमनाच्या काळात रक्त दोनेक वॉट आणतं. त्यात मोज्याचे पाच आले. त्यातलेही सगळे पायाला मिळत नाहीत, काही बुटातून बाहेर जातातच. तरीसुद्धा दोनचे पाच-सहा होणं ही मोठी गोष्ट आहे. बोटं १२ अंशांवर घसरण्याऐवजी २० वर थांबू शकतात. ‘उबदार’ नव्हे, पण ‘दुखत नाहीत’ इतपत.

याच्या जोडीला एक बोनस आहे. ज्या ठिकाणची त्वचा थेट गरम होते, तिथल्या वाहिन्या जराशा सैल पडतात आणि रक्त थोडं जास्त येतं. म्हणजे इन्व्हर्टर चालू झाला म्हणून वीज मंडळानेही थोडी वीज सोडावी, तसं काहीसं. पण धडच गारठलेलं असेल तर वरचा हुकूम चालतो आणि बोटांची विनंती फेटाळली जाते. स्वेटर न घालता गरम मोजे घालण्यात म्हणूनच अर्थ नाही.

६. दोन चमचे घाम

आता या विषयातला माझा सगळ्यात आवडता हिशेब.

पाण्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते. माठातलं पाणी गार का होतं, हे आपण शाळेत शिकलो: माठ पाझरतो, वाफ होते, वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. तळपायांवर घामाच्या ग्रंथी अतिशय दाट आहेत. बुटातला आपला पाय हा एक पाझरणारा माठच आहे.

समजा एका पायाचा दोन लहान चमचे, म्हणजे १० ग्रॅम घाम तासाभरात वाळला. एक ग्रॅम घामाची वाफ व्हायला सुमारे २,४०० जूल लागतात. दहा ग्रॅमना २४,०००. तासाचे ३,६०० सेकंद. भागाकार केला की येतात साडेसहा वॉटच्या वर.

मोजा देत होता पाच. दोन चमचे घामाने मोज्याची सगळी कमाई खाल्ली, वर पदरचे दीड वॉट घेतले. आणि बटण ‘जास्त’वर ठेवून चढ चढलं, तर घाम वाढणारच. आपणच पैसे खर्चून माठ पाझरता ठेवायचा आणि पाणी गार का होतं म्हणून विचारायचं, असा तो प्रकार होतो.

चादरवर ही अडचण दुप्पट होते, कारण तिथे पायात बरेचदा रबरी गमबूट असतात. लेहच्या बाजारात ते मिळतात. त्यांना हसणारे नवखे लोक दुसऱ्या दिवशी गमबूटच शोधत फिरतात, कारण बर्फाच्या थरावरून अधूनमधून घोटाभर पाणी वाहतं आणि दोन-तीन हजारांचा ‘वॉटरप्रूफ’ बूट त्यात एकदा वरून भरला की संपला. पण रबर पाणी आत येऊ देत नाही, तसं बाहेरही जाऊ देत नाही. घाम आतच साचतो. म्हणून तिथे मुक्काम आला की पहिलं काम तंबू लावायचं नसतं, पाय कोरडे करून मोजे बदलायचं असतं. गमबूट एखाद-दुसऱ्या नंबरने मोठे घ्यावेत, हे जाणकार सांगतातच.

अतिशीत प्रदेशातले काही प्रवासी एक युक्ती करतात. आधी पातळ मोजा, त्यावर चक्क प्लास्टिकची पिशवी, मग जाड लोकरी मोजा. पाय आतल्या आत दमट होतो, पण दमटपणा एका मर्यादेला थांबतो आणि बाहेरचा लोकरी मोजा कोरडा राहतो. ऐकायला किळसवाणं आहे. चालतं मात्र उत्तम. संध्याकाळी पाय नीट वाळवायचे एवढीच अट.

७. चालणारा आणि टपून बसणारा

हेमिसच्या परिसरात, रुंबकच्या दरीत किंवा उलेजवळच्या डोंगरांत हिवाळ्यात हिमबिबट्या पाहायला माणसं जातात. त्यांत महाराष्ट्रातले वन्यजीव छायाचित्रकारही असतात. हिमबिबट्याचा छंद म्हणजे बहुतांश वेळ काहीच न दिसण्याचा छंद. समोरच्या कड्यावर दुर्बीण रोखून चार-चार तास एका जागी उभं राहायचं. वारा झोंबतो. पाय हलवावेत तर बर्फ करकरतो.

चालणारा माणूस चढावर तीन-चारशे वॉट उष्णता सहज निर्माण करतो. स्वस्थ उभा असलेला जेमतेम शंभरेक. टपून बसणाऱ्याला घाम नाही आणि आतली भट्टीही मंद. बॅटरीचा मोजा खरा त्याचा आहे. तसाच तो दोर धरून खाली थांबलेल्या गिर्यारोहकाचा आहे, औली-गुलमर्गला बर्फावर उतरून पुन्हा रोपवेच्या रांगेत थांबणाऱ्याचा आहे, पहाटे चार वाजता कॅमेरा लावून तारे टिपणाऱ्याचा आहे. आणि रेनॉडचा त्रास असलेल्यांचा. या त्रासात जराशा गारव्यानेही बोटं पांढरी, मग निळी पडतात. फ्रेंच डॉक्टर मॉरिस रेनॉड यांनी १८६२ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव.

चालणाऱ्याने मोजे घेऊच नयेत असं नाही. पण बटण कधी दाबायचं हे शिकावं. तंबूतून निघताना, पाय अजून गरम असतानाच, ‘कमी’वर चालू करायचं. एकदा बोटं गारठल्यावर पाच वॉटने ती वर आणणं फार अवघड, असलेली ऊब राखणं त्या मानाने सोपं. चालायला लागून अंग तापलं की बंद. दुपारच्या थांब्यावर, बसायच्या पाच मिनिटं आधी, पुन्हा चालू. चहा होईपर्यंत मध्यम. निघालात की बंद. अशाने एका चार्जवर सगळा दिवस निघतो.

ज्यांना तारा-बॅटरीची कटकट नको, त्यांच्यासाठी बोटांना चिकटवायच्या पुड्या मिळतात. आत लोखंडाची पूड, मीठ आणि कोळशाची भुकटी असते. पाकीट फोडलं की हवा लागून लोखंड झपाट्याने गंजतं आणि गंजताना तापतं. स्वस्त आणि हलकं. पण गंजायला ऑक्सिजन लागतो. बंद गमबुटात तो आधीच कमी, साडेतीन हजार मीटरवर आणखी कमी. तिथे या पुड्या मरगळतात.

रमचा विषय कोणीतरी काढणारच, म्हणून लिहून टाकतो. दारूने त्वचेच्या वाहिन्या उघडतात, म्हणून छान उबदार वाटतं. ती ऊब धडातून काढून त्वचेवर उधळलेली असते. मुद्दल मोडून केलेली दिवाळी. सिगारेट उलटं करते, वाहिन्या आवळते. त्यापेक्षा लडाखी घरात मिळणारा लोणी-मिठाचा गुरगुर चहा चांगला. पाणी, मीठ, चरबी, तिन्ही एकदम पोटात जातं.

८. बॅटरीलाही थंडी वाजते

लिथियम बॅटरीत वीज म्हणजे आत कणांची ये-जा. थंडीत आतला द्रव आळसावतो, ये-जा मंदावते. बॅटरी उणे २० पर्यंत खरोखर गार झाली तर तिच्या कागदावरच्या क्षमतेतला बराच भाग हाती लागत नाही. मोबाइल चाळीस टक्क्यांवरून एकदम बंद पडतो, तो याच कारणाने. खिशात ठेवून ऊब दिली की हरवलेले टक्के परत दिसतात.

त्यामुळे मोज्याची बॅटरी पँटच्या बाहेर नाही, आत ठेवायची. जास्तीची जोडी छातीच्या खिशात. रात्री सगळ्या बॅटऱ्या झोपायच्या पिशवीत, आपल्याबरोबर. चार्ज करताना विशेष सांभाळायचं: शून्याखाली गार असलेली बॅटरी तशीच चार्जरला लावली, तर आत धातूचा थर साचतो आणि ती कायमची बिघडते, प्रसंगी धोकादायकही होते. आधी तिला अंगाशी धरून गरम करा, मग चार्ज करा. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या बॅगेत टाकायच्या नसतात, त्या केबिनमध्ये जवळ ठेवायच्या असतात. साधारण मर्यादा प्रत्येकी १०० वॉट-अवरची आहे. आपली १६ ची, त्यामुळे आकाराची चिंता नाही.

९. कोणी घालू नयेत आणि कधी घालू नयेत

मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मोजे घालू नयेत. भाजायला उकळतं पाणीच लागतं असं नाही. ४४ अंश हे तापमान हाताला नुसतं ‘छान गरम’ वाटतं, पण तेच त्वचेच्या एका जागी सलग सहा तास राहिलं तर भाजतं. शाबूत पाय तासाभरात कुरकुर करतो आणि आपण बटण कमी करतो. बधिर पाय काहीच सांगत नाही. हे मोजे घालून झोपू नये, तेही याचसाठी. मोज्याला सुरकुती पडून पट्टी दुमडली तर दुप्पट उष्णता एका जागी साचते, म्हणून मापाचाच मोजा घ्यावा आणि बूट चढवण्याआधी बोटांवर हात फिरवून पाहावा.

आणि बोटं पांढरी, कडक, मेणासारखी झाली असतील, स्पर्श कळत नसेल, तर तो हिमदंश असू शकतो. तेव्हा बॅटरीचा मोजा चढवायचा नाही, शेकोटीशी पाय धरायचे नाहीत, चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. भाजतंय हे त्या पायाला समजणारच नाही. सुरक्षित जागी पोहोचल्यावर, आणि पाय पुन्हा गोठण्याची भीती नसेल तरच, ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात तो बुडवायचा आणि डॉक्टर गाठायचा. हे पाणी कोपराला फक्त कोमट लागतं, तान्ह्या बाळाच्या आंघोळीसारखं. पुन्हा गोठणार असेल तर वितळवूच नये. एकदा वितळून परत गोठलेल्या बोटाचं नुकसान कितीतरी जास्त असतं.

आता त्या यादीतल्या शेवटच्या ओळीकडे. मला विचारलं तर पैसे या क्रमाने जावेत: आधी मोकळा बूट किंवा मोठा गमबूट, मग लोकरी मोज्यांचे तीन जोड, त्यातला एक फक्त झोपताना घालायचा आणि कधीही ओला न करायचा. मग अंगातली एक जास्तीची बंडी. एवढं झाल्यावर पैसे उरले आणि चालण्यापेक्षा थांबणंच जास्त असेल, तर बॅटरीचे मोजे घ्या. निघण्याआधी घरी एकदा फ्रीजच्या बर्फावर पाय ठेवून पाहा, घरचे हसले तरी. डावा-उजवा दोन्ही तापतात का, बॅटरी खरोखर किती तास जाते, पट्टी कुठे टोचते, हे झंस्कारच्या काठावर कळण्यापेक्षा स्वयंपाकघरात कळलेलं बरं. आल्यावर हाताने धुवायचे, पिळायचे नाहीत आणि सावलीत वाळत घालायचे.